नेऊन देण्याचे किती?

इन्कमटॅक्सचं रिटर्न तारेतून पाठवणारा चोपडा तालुक्यातला पहिला माणूस म्हणजे माझे वडील. हा मान त्यांना आम्ही घरच्यांनीच दिलेला आहे आणि तो काढून घ्यायला आजवर कोणी आलेलं नाही. ही नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. रिटर्न तारेतून पाठवायची सोय तेव्हा देशात कुठेही नव्हती. सोय नसताना त्यांनी ते पाठवलं आणि वर त्याची फीसुद्धा भरली.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. केळीच्या बागेतली पाण्याची मोटर जळाली की शेतकरी ती घेऊन नानांकडे यायचा, नाना जळकी तार काढून नवी गुंडाळून द्यायचे. दुकानामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आम्ही राहायचो. आईचा स्वयंपाक मधल्या खोलीच्या कोपऱ्यात व्हायचा. तिथे खिडकी नव्हती, आणि मोटरीच्या तारेला लावायच्या वार्निशचा वास भिंतीतून आत यायचा. आमच्या घरी जेवलेले पाहुणे भाजीची तारीफ जपून करायचे.

आईला स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं. घर कसंही चाललं असतं, पण स्वयंपाकघर पूर्वेला आणि त्याला ओट्याच्या वर खिडकी, यावर ती अडून होती. गावाबाहेर जळगाव रस्त्याला लागून एका निवृत्त मास्तरांचा प्लॉट होता. मास्तर मुलाकडे नाशिकला जाणार होते. त्यांनी नानांना सांगितलं, "तुमच्यासाठी दसऱ्यापर्यंत थांबतो. दसऱ्याला जो पैसे आणील त्याचा प्लॉट." बँकेचे मॅनेजर कर्ज द्यायला तयार होते, फक्त तीन वर्षं रिटर्न भरल्याची पोच त्यांना हवी होती. दोन वर्षांची घरात होती. तिसरं रिटर्न ऑगस्टअखेर भरायचं होतं. आईनं त्या प्लॉटवर जाऊन काठीनं मातीत स्वयंपाकघर आखून ठेवलं होतं. पावसानं ते दोनदा पुसलं, तिनं दोनदा परत आखलं.

आमचं रिटर्न जळगावचे एक वकील भरायचे. नानांच्या वयाचे, अंगात कायम तोच तपकिरी कोट, दारात लुना. त्यांची फी किती, हे आम्हाला कधी कळलं नाही. नाना विचारायचे, "साहेब, किती द्यायचे?" वकील म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते." खानदेशात या वाक्यानं जितकी माणसं घामाघूम झाली असतील तितकी उन्हानंही झाली नसतील. कारण कमी दिले तर आपली लाज जाते आणि जास्त दिले तर आपला खिसा. मग नाना दिवाळीच्या पाडव्याला एक पाकीट न्यायचे, ते टेबलावरच्या पेपरखाली सरकवायचे, आणि वकील ते न पाहिल्यासारखं करायचे. सोबत एक केळीचा घड, हिवाळा असेल तर भरताची वांगी. या सगळ्याच्या बदल्यात वकील आमचे कागद लिहायचे, नानांची सही घ्यायचे, लुनावरून आयकर कचेरीत नेऊन द्यायचे आणि शिक्का मारलेली पोच एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर चोपड्याला पाठवायचे. यात काम कुठं संपलं आणि उपकार कुठं सुरू झाला, हे नानांनाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी वकिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे धुळ्याला जावं लागलं, आणि गादीवर त्यांचा मुलगा बसला. मुलगा पुण्याहून शिकून आला होता. येताना त्यानं कॉम्प्युटर आणला होता.

मी तेव्हा धुळ्याला देवपुरात कॉलेजात होते. आमच्या कॉलेजातही एक कॉम्प्युटर आला होता. तो पडदे लावलेल्या खोलीत ठेवला होता आणि बाहेर चपला काढून, हात जोडले नाहीत एवढंच, आम्ही रांगेनं त्याचं दर्शन घेऊन आलो होतो. त्यामुळे सुट्टीत घरी आले तेव्हा नाना मला म्हणाले, "तू चाल मनासंगे. तुले समजस ते." आईला जळगावला भांडी घ्यायची होती, नव्या स्वयंपाकघरासाठी. मग तीही निघाली. मांडीवर नेहमीप्रमाणे केळीचा घड.

वकिलांच्या ऑफिसात जुनं टेबल आणि कापडी बस्त्यांतली दप्तरं बाहेरच्या खोलीत हलवली होती. आतल्या खोलीला काचेचं दार लागलं होतं. दाराबाहेर चपला काढून आम्ही आत गेलो तर थंडगार. कॉम्प्युटरच्या स्क्रीनला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि त्यावर घरच्या बाईनं शिवलेलं झालरीचं फडकं. मुलगा उठून उभा राहिला, नमस्कार केला, आणि घडाकडे बघून म्हणाला, "काकू, हा बाहेर ठेवा. चिलटं होतात, मशीनला चालत नाही." इतकी वर्षं आमची निम्मी फी असलेला घड पायपुसण्यावर जाऊन बसला.

मग मुलगा नानांचे आकडे टाइप करायला लागला. नाना त्याच्याकडे बघत नव्हते. नाना मशीनच्या मागे बघत होते. जन्मभर तारांत हात घातलेला माणूस, त्याला कुठलंही यंत्र समोरून कळायचं नाही, मागून कळायचं. कॉम्प्युटरच्या मागून एक जाड राखाडी तार निघाली होती, ती भिंतीच्या कडेनं जाऊन भोकातून पलीकडे गेली होती. नानांनी ती डोळ्यांनी भोकापर्यंत पोचवली. ती भिंत आयकर कचेरीच्या दिशेला होती. कचेरी तिथून चालत जाण्याइतकी जवळ.

मुलानं एक बटण दाबलं. भिंतीपलीकडे करकर, करकर असा आवाज झाला. मुलगा उठून पलीकडच्या खोलीत गेला आणि दोन्ही कडांना भोकं असलेले लांबच लांब कागद घेऊन आला. त्यावर नानांचं नाव, पत्ता, उत्पन्न, सगळं इंग्रजीत छापलेलं. नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दखं? पोच बी उनी." कागद तारेतून गेला आणि पोच आलीसुद्धा, असा त्यांचा हिशेब.

पलीकडच्या खोलीत प्रिंटर होता. आवाज फार करतो म्हणून मुलानं तो भिंतीपलीकडे ठेवला होता. हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. आमच्या कॉलेजातला कॉम्प्युटर नुसता दर्शनाचा होता, त्याच्यातून काही बाहेर येतं याची मला कल्पना नव्हती.

मुलानं नानांच्या दोन सह्या घेतल्या, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले आणि नंतर बिल दिलं. आमच्या घराण्यात वकिलाचं बिल पहिल्यांदाच आलं होतं. तेही छापील. डाटा एंट्री, प्रोसेसिंग, प्रिंटिंग, स्टेशनरी, फ्लॉपी, इतर. खाली बेरीज. नानांना त्या वर्षी सरकारला जो कर भरायचा होता तो त्या बेरजेपेक्षा कमी होता. म्हणजे सरकार आमच्याकडून जे घेणार होतं त्यापेक्षा ते आम्ही देतो आहोत हे सांगायचा खर्च जास्त.

नाना चिडले नाहीत. उलट त्यांना बरं वाटलं. 'द्या काय द्यायचं ते' यातून सुटका झाली, हेच त्यांना मोठं होतं. ते एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेले आणि मुलगा सांगत गेला. डाटा एंट्री म्हणजे आकडे टाइप करणं. प्रोसेसिंग म्हणजे त्यांची बेरीज-वजाबाकी. "ते मशीन करस ना?" नाना म्हणाले. मुलगा म्हणाला, "हो, मशीनच करतं. त्याचेच चार्जेस." फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी तबकडी, तिच्यात आपला हिशेब राहतो. नानांनी ती मागितली. त्यांच्या दुकानाचा रिवाजच होता की गिऱ्हाइकानं ज्याचे पैसे दिले ते त्याचं; मोटरीतून काढलेली जळकी तांब्याची तारसुद्धा नाना गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचे. मुलगा हसून म्हणाला, "नाना, फ्लॉपी इथेच राहते. तुम्ही फक्त तिचे पैसे द्यायचे." 'इतर' म्हणजे काय, हे विचारल्यावर मुलानं एकदा छताकडे आणि एकदा एसीकडे पाहिलं. नानांनी समजूतदारपणे मान हलवली. खोलीत गारवा होताच, आणि आम्ही तो इतका वेळ फुकट घेत बसलो होतो.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सगळ्या ओळी तिनं ऐकल्या होत्या. ती म्हणाली, "हाई बठ्ठं खरं शे. पन याम्हा लई जाईसन देवाना कितला धरा?"

नेऊन देण्याचे किती, एवढंच तिनं विचारलं. तेवढ्यात फोन वाजला आणि मुलगा फोनवर बोलायला लागला. पुण्याचा फोन होता, लांबला. मग आईला उत्तर नानांनीच दिलं. त्यांनी भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवलं आणि ते म्हणाले, "आते लई कोन जाई? तार शे ना. गयं ते."

म्हणजे, तारेतून गेलंसुद्धा. आईचं आणि तारेचं कधी जमलं नव्हतं, आणि तारेचा विषय निघाला की घरात नानांच्या पुढे कोणी बोलायचं नाही अशी पद्धत होती. तिनं पायपुसण्यावरचा घड उचलून जुन्या वकिलांच्या रिकाम्या टेबलावर नीट ठेवला. आम्ही भांडी घेतली आणि संध्याकाळच्या बसनं चोपड्याला आलो. तापीच्या पुलावर नाना मला म्हणाले की आपले कागद आपल्याआधी पोचलेसुद्धा असतील. कागद त्यांच्या मांडीवर होते.

पुढचे दिवस नाना फार मोठे होऊन वावरले. दुकानात मोटर घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आमनं रिटर्न कॉम्प्युटरवरथून गयं." केळीच्या बागाइतदारांना शेतीच्या उत्पन्नावर कर नव्हता, त्यामुळे त्यांना रिटर्न कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण नानांचं काहीतरी मोठं काम झालंय एवढं ओळखून ते चहा पाजायचे. ते भोकाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीसकट देव्हाऱ्याखाली ठेवले होते. ऑगस्ट संपला. पोळा झाला. गणपती आले आणि गेले.

त्यानंतर, मी पुन्हा सुट्टीत घरी आले होते तेव्हा, नाना तीन वर्षांचे कागद घेऊन बँकेत गेले. मॅनेजरांनी पहिल्या दोन पोची बघितल्या, बाजूला ठेवल्या. तिसरा कागद सरळ धरला, उलटा धरला, कडेच्या भोकांतून पाहिलं की काय कोण जाणे, आणि म्हणाले, "यावर शिक्का कुठाय?"

नाना हसले. मॅनेजरांना अजून नवीन पद्धत माहीत नाही याचं त्यांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "साहेब, हे कॉम्प्युटरनं भरलंय. तारेतून गेलेल्या कागदाला शिक्का कसा मारणार?" आणि पुरावा म्हणून त्यांनी बिल पुढे केलं. मॅनेजरांनी बिल सगळं वाचलं. ते भले गृहस्थ होते, हसले नाहीत. ते म्हणाले, "नाना, हे रिटर्न भरलंच गेलेलं नाही. हा तर भरायचा कागद आहे. तुम्ही तो घरी ठेवलात."

नाना घरी आले ते सरळ दुकानात जाऊन बसले. कोणाची तरी मोटर उघडली आणि नीट असलेली तार कापली. आईनं विचारलं तेव्हा त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आई आता 'मी विचारलं होतं' म्हणेल. ती म्हणाली नाही. ते फार वाईट होतं. ती म्हणाली असती तर नाना चिडले असते, भांडण झालं असतं आणि जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा जळगावला. या खेपेला जुने वकील धुळ्याहून परतले होते. हिरवा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत बसले होते. लेकानं अजून लुना चालवू दिली नव्हती. मुलगा आमचं ऐकून घेऊन म्हणाला, "पण नाना, दाखल करणं हे क्लायंटचं काम. आपण फक्त तयार करून देतो. बिलात बघा ना, दाखल करण्याचे पैसे घेतलेलेच नाहीत."

हे खरं होतं. बिलात बघितलं, घेतले नव्हते. इतकी वर्षं आम्ही पाकिटात घालत होतो ते पैसे कागद लिहिण्याचे होते, की लुनाचे, की कंडक्टरच्या हाती पोच देण्याचे, हे कोणी कधी मांडलं नव्हतं. आता मांडल्यावर लुना तेवढी राहून गेली होती. जुने वकील हिरव्या चष्म्यातून लेकाकडे बघत म्हणाले, "अरे, मी नेऊन देत होतो." मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कधी सांगितलंच नाही." मला दोघांचाही सारखाच राग आला होता.

आम्ही कागद घेऊन कचेरीत गेलो. चालत. खिडकीवरच्या कारकुनानं ती लांबलचक पट्टी हातात घेतली, तिला किती घड्या पडतात ते पाहिलं, आणि सांगितलं की ठरलेल्या छापील फॉर्मवर आणा, असलं चालत नाही. विचारल्यावर त्यानं हेही सांगितलं की फॉर्म शाईनं भरलेला चालतो.

तर शेवटी असं झालं, की ऐन थंडगार खोलीत, हळदीकुंकवाच्या स्क्रीनसमोर बसून, पुण्याहून शिकून आलेला मुलगा बॉलपेननं आमचं रिटर्न लिहायला लागला. वडील बाहेरून कुठल्या रकान्यात काय ते सांगत होते आणि काचेचं दार उघडं ठेवल्यामुळे गारवा सगळा रस्त्यावर चालला होता. मुलाचं अक्षर डॉक्टरसारखं. दोन फॉर्म वाया गेले. लिहून झाल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर नवीन बिल काढलं. त्यात एकच ओळ होती, हस्तलेखन. भिंतीपलीकडे पुन्हा तीच करकर झाली. नाना या वेळी तारेकडे बघत नव्हते.

शिक्का मिळाला, पण तारीख उलटून गेल्यानंतरचा. मॅनेजर म्हणाले, उशीर का झाला ते लिहून द्या, वरच्या ऑफिसला पाठवावं लागेल. उशीर का झाला, ते अर्जात मी लिहिलं. 'काही अपरिहार्य कारणामुळे' असं लिहिलं. भिंतीतलं भोक, केळीचा घड आणि पुण्याचा फोन हे वरच्या ऑफिसला समजलं नसतं.

कर्ज मंजूर झालं. कागद चोपड्याला आला तेव्हा दिवाळीचा फराळ चालू होता. मास्तर शब्दाचे पक्के, ते दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट बघत थांबले होते. मग एका केळीच्या व्यापाऱ्यानं पैसे आणून दिले. मास्तर जायच्या आधी घरी येऊन आईला सांगून गेले, "अक्का, मी थांबलो होतो." आईनं त्यांना चहा दिला. वार्निशच्या वासाचा.

पुढच्या ऑगस्टात नाना जळगावला जायला तयार होईनात. त्यांनी सह्या करून कागद आईच्या हातात दिले. मी तिच्यासोबत गेले. मुलानं या वर्षी छापील फॉर्मवरच छापायची युक्ती काढली होती. बिल निघालं. त्याच ओळी, जरा वाढलेल्या. आईनं पैसे काढले नाहीत. ती म्हणाली, "थांब. मी येस." आणि कागद घेऊन एकटी कचेरीत गेली. मी गारव्यात बसले. ती शिक्का मारलेली पोच घेऊन घामानं भिजून आली, खुर्चीवर बसली आणि मुलाला म्हणाली, "आते तुना बिलम्हा एक ओळ टाक. लई जाईसन देनं. ते काम मी करं. त्याना पैसा वजा कर."

मुलानं तिच्याकडे बघितलं, मग दारातून वडिलांकडे. वडील बाहेर पेपर वाचत होते आणि पेपर उलटा नव्हता, तरी ते वाचत नव्हते हे दिसत होतं. मुलगा म्हणाला, "काकू, असं बिलात घेता येत नाही." आई म्हणाली, "एसी घेता येस?"

मुलानं ओळ टाकली. किती वजा करायचे, हे त्यानं आईला विचारलं. माझी आई त्या मुलाकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "दे काय देनं ते."

बाहेर पेपर खाली आला आणि जुने वकील खो खो हसले. मुलानं बरेच वजा केले. त्यात आमची दोघींची परतीची तिकिटं निघाली आणि वर चहा झाला. आई बसमध्ये खिडकीशी बसली. मला वाटलं, आज ती जिंकली आहे. मी तिला तसं म्हटलंही. ती पोच पदरात धरून बसली होती. हसली.

चोपडा जवळ आला तशी बस मास्तरांच्या प्लॉटवरून गेली. व्यापाऱ्याचं घर जोत्याच्या वर आलं होतं, भिंती अर्ध्या झाल्या होत्या, मावळतीच्या बाजूला ओट्याची जागा सोडलेली बसमधूनही कळत होती. आईनं मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"सयपाकघर उलटी बाजूले काढं त्यासनी," ती म्हणाली.